फायरप्लेसचा धूर पुन्हा पुन्हा खोलीत येतोय? आधी तो कधी येतो ते बघा

दिवाळी सरून थंडी पडायला लागली की मुळशी, पानशेत, लोणावळ्याकडच्या बंगल्यांमधून दर वर्षी एकच तक्रार येते. फायरप्लेस पेटवली की दहा मिनिटांत खोली धुराने भरते, डोळे चुरचुरतात, आणि शेवटी निखाऱ्यांवर पाणी मारून सगळे बाहेर अंगणात शेकोटी करून बसतात. मग गवंडी येतो, धुराडे झाडून देतो, दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

असे होते, कारण धूर परत येण्याची कारणे निदान सहा-सात आहेत आणि झाडण्याने त्यातले एकच जाते. बाकीची ओळखायला धूर नेमका कधी येतो हे बघावे लागते. दोन-तीन संध्याकाळी एवढेच टिपून ठेवा: पेटवल्यापासून किती मिनिटांनी धूर आला, तेव्हा कोणत्या खिडक्या उघड्या होत्या, स्वयंपाकघरात काय चालू होते, बाहेर वारा होता का. निम्मे निदान या कागदावरच होते.

(स्वयंपाकघरातल्या विजेच्या चिमणीशी गोंधळ नको म्हणून इथे फायरप्लेसच्या चिमणीला धुराडेच म्हटले आहे.)

फक्त सुरुवातीची पाच-दहा मिनिटे धूर येतो

हा सगळ्यात सोपा प्रकार. आपल्याकडची बहुतेक धुराडी बाहेरच्या भिंतीला लागून, काळ्या दगडात किंवा विटांत बांधलेली असतात. रात्रभर आणि दिवसभर सावलीत राहून आतली हवा थंड आणि जड होते आणि बुचासारखी बसून राहते. खाली जाळ केला की धुराला वर जायला वाट नसते, तो खोलीत येतो. दगड तापला की ओढ सुरू होते आणि तक्रार आपोआप थांबते.

पेटवण्याआधी झडप, म्हणजे डॅम्पर, पूर्ण उघडा आणि उदबत्ती लावून धुराड्याच्या गळ्याशी, म्हणजे झडपेखालच्या अरुंद भागाशी, धरा. धूर वर ओढला गेला तर पेटवा. तो तुमच्या तोंडाकडे आला तर लाकडाला हात लावू नका. वर्तमानपत्राची दोन-तीन पाने पिळून त्याची मशाल करा, हातात चामड्याचे मोजे घाला आणि ती मशाल झडपेच्या अगदी खाली एक-दोन मिनिटे जळू द्या. पुन्हा उदबत्ती धरून बघा. बहुतेक वेळा एका मशालीत काम होते, फार गार रात्री दोन लागतात.

लाकूड रचायची पद्धतही उलटी करा. खाली तीन जाड ओंडके, त्यावर आडवे चार-पाच मनगटाएवढे तुकडे, त्यावर बोटाएवढ्या ढलप्या आणि सर्वांत वर नारळाच्या करवंटीचे तुकडे, कागदाचा बोळा. आग वरून लावा. पहिल्याच मिनिटाला ज्योत गळ्याजवळ असल्याने धुराडे लवकर तापते, आणि खालची लाकडे हळूहळू पेट घेत असल्याने एकदम धुराचा लोट उठत नाही. चूल पेटवायची सवय असलेल्यांना हे चुकीचे वाटते, पण उघड्या फायरप्लेसला हीच रचना चांगली. रॉकेल, पेट्रोल, सॅनिटायझर यांपैकी काहीही ओतायचे नाही.

खिडक्या लावल्या की धूर येतो, किंवा स्वयंपाकघरात चिमणी चालू केली की येतो

धुराड्यातून जेवढी हवा बाहेर जाते तेवढी घरात कुठून तरी यावी लागते. जुन्या घरांत ती दाराखिडक्यांच्या फटींतून येत असे. आताच्या स्लायडिंग खिडक्यांना रबरी पट्ट्या असतात, फट उरत नाही. त्यात स्वयंपाकघरातली विजेची चिमणी तासाला हजार घनमीटरच्या आसपास हवा खेचू शकते. तिला हवा मिळायची सर्वांत मोठी मोकळी वाट म्हणजे तुमचे धुराडे. मग हवा उलटी वाहते आणि धूर खाली येतो.

चाचणी: चिमणी आणि न्हाणीघराचे एक्झॉस्ट पंखे बंद करा, फायरप्लेसजवळची खिडकी दोन बोटे उघडा. पाच मिनिटांत धूर थांबला तर धुराड्याला दोष नाही, हवा कमी पडते आहे. खिडकी वाऱ्याच्या बाजूची हवी. उलट्या बाजूची उघडली तर वारा घरातली हवा आणखी बाहेर ओढतो.

माडीच्या खिडक्याही बघा. घर दुमजली असेल आणि वरच्या खोल्यांच्या खिडक्या किंवा जिन्यावरचा झरोका उघडा असेल, तर गरम हवा तिकडून वर निघून जाते. अख्खा जिनाच धुराड्याचे काम करायला लागतो आणि खऱ्या धुराड्याशी स्पर्धा करतो. वरचे सगळे बंद आणि खालचे थोडे उघडे ठेवा. कायमचा उपाय हवा असेल तर शेगडीच्या, म्हणजे जाळ करायच्या जागेच्या, बाजूला बाहेरच्या भिंतीतून चार इंची पाइप घाला. बाहेरच्या तोंडाला उंदीर-पाल अडेल अशी जाळी आणि आतून बंद करता येईल असे झाकण बसवा.

वारा सुटला की धूर येतो

गच्चीवर जाऊन मोजमाप घ्या. धुराडे छतातून जिथे बाहेर पडते तिथून निदान 3 फूट उंच हवे, आणि आजूबाजूच्या 10 फुटांत जे काही असेल त्याच्यापेक्षा निदान 2 फूट उंच हवे. हा नियम उतरत्या छपरांच्या घरांवरून आला आहे, पण आपल्याकडे तो जास्तच लागू पडतो, कारण आपल्या गच्चीवर पाण्याची टाकी, जिन्याची खोली, सोलरचे पॅनेल आणि कठडा असे सगळे असते. टाकीच्या आडोशाला धुराडे असेल तर टाकीवरून उसळलेला वारा सरळ त्याच्या तोंडात शिरतो. बांधकाम झाल्यावर दोन वर्षांनी वाढीव टाकी बसवली आणि तेव्हापासून धूर यायला लागला, असा प्रकार असेल तर दुसरे कारण शोधत बसू नका.

उपाय दोन: धुराडे उंच करणे, किंवा वर टोपी बसवणे. टोपीची कडेची उघडी जागा एकूण मिळून आतल्या नळीच्या क्षेत्रफळापेक्षा बरीच जास्त हवी. शोभेची कौलारू टोपी चार इंचांच्या फटीवर बसवली की ती वाऱ्याबरोबर धूरही अडवते. जाळी अर्धा इंच छिद्राची चालते. त्याहून बारीक जाळी काजळीने दोन महिन्यांत बुजते.

कायमच धूर येतो

इथे पहिला प्रश्न: पूर्वी कधी नीट चालत होती का?

चालत होती आणि आता बिघडली असेल, तर अडथळा शोधा. टॉर्च आणि मोबाइल सेल्फी स्टिकला लावून खालून फोटो काढा. पावसाळ्यानंतर पक्ष्यांची घरटी, गांधीलमाशांचे पोळे, पालापाचोळा हे नेहमीचे. मधमाश्यांचे पोळे असेल तर स्वतः जाळ करू नका, पोळे काढणाऱ्या माणसाला बोलवा. झडप गंजून अर्धीच उघडत असेल तर तेही बाहेरून कळत नाही, कारण दांडा पूर्ण फिरतो आणि पान जागचे हलत नाही.

कधीच चालली नसेल, तर मापांत चूक आहे. पुण्याच्या आसपास ही चूक फार दिसते. फायरप्लेसचे तोंड दिवाणखान्याला शोभेल असे रुंद बांधतात आणि वर सहा किंवा आठ इंची पत्र्याचा पाइप देतात. हिशेब असा: नळी गोल असेल तर तिचे क्षेत्रफळ तोंडाच्या निदान बाराव्या हिश्श्याएवढे हवे, चौकोनी असेल तर दहाव्या हिश्श्याएवढे. 36 इंच रुंद आणि 30 इंच उंच तोंड म्हणजे 1080 चौरस इंच. त्याला 90 चौरस इंचांची, म्हणजे 11 इंच व्यासाची गोल नळी लागते. सहा इंची पाइप म्हणजे फक्त 28 चौरस इंच, आठ इंची म्हणजे 50. असल्या पाइपातून तेवढ्या तोंडाचा धूर जाणारच नाही, कितीही झाडा.

शिवाय हे आकडे साधारण पंधरा फुटांहून उंच धुराड्यांचे आहेत. एकमजली फार्महाउसला शेगडीपासून टोकापर्यंत दहा-बारा फूटच मिळतात. तिथे आठवा हिस्सा धरावा. ओढ ही उंची आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक यांवर ठरते. युरोपात बाहेर शून्याखाली असताना जी ओढ मिळते ती आपल्या 12-15 अंशांच्या रात्री मिळत नाही, नोव्हेंबरच्या 20 अंशांत तर आणखी कमी. परदेशी चित्र बघून बांधलेले धुराडे तिथे चालते आणि इथे अडते, त्यामागे हेही एक कारण आहे. आमच्या मते इथे नळी हिशेबापेक्षा एक आकडा मोठीच घ्यावी.

बांधकाम फोडण्याआधी एक स्वस्त चाचणी करा. तोंडाच्या रुंदीएवढी आणि फूटभर उंचीची पत्र्याची पट्टी कापून घ्या. जाळ चांगला चालू असताना मोजे घालून ती तोंडाच्या वरच्या कडेला लावा आणि हळूहळू खाली सरकवा. ज्या जागी धूर यायचा थांबेल तिथे खूण करा. चार-सहा इंचांत थांबला तर तेवढीच दोन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी कायमची बसवून घ्या, काम झाले. खालून शेगडीची फरशी विटांच्या एका थराने उचलली तरी तोंडाची उंची तेवढीच कमी होते. दहा इंच झाकूनही धूर येत असेल, तर नळी बदलण्यावाचून उपाय नाही, किंवा बंद लोखंडी स्टोव्ह त्याच जागेत बसवणे हा दुसरा मार्ग आहे.

जाळ किती आत आहे तेही बघा. लाकडे ठेवायची लोखंडी जाळी पुढे सरकलेली असेल तर धूर गळ्यात न शिरता सरळ बाहेर येतो. जाळी मागच्या भिंतीपासून इंच-दीड इंचावर हवी. बऱ्याच घरांत एवढे केले तरी फरक पडतो.

लाकूड: अर्धी भांडणे इथली

ऑक्टोबरात वखारीतून आणलेले लाकूड चार महिने पावसात भिजलेले असते, मग वखारवाला काहीही सांगो. ओल्या लाकडाची आग पाणी उकळण्यातच खर्च होते. पाच किलोच्या ओंडक्यात एकूण वजनाच्या 40 टक्के ओल असेल तर त्यात दोन लिटर पाणी आहे. धूर गार राहतो, ओढ मंदावते, आणि धुराड्याच्या आत डांबरासारखा चिकट थर, म्हणजे क्रिओसोट, साचतो. धुराचे तापमान साधारण 120 अंशांखाली गेले की हा थर बसायला लागतो.

लाकूड फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या. तीन-चार इंच जाडीचे फोडून घ्या, कारण साल असलेला गोल ओंडका वर्षभरातही आतून वाळत नाही. एप्रिल-मेचे कोरडे ऊन हे आपले मोठे भाग्य आहे, ते फुकट घालवू नका. विटांवर फळ्या टाकून जमिनीपासून सहा इंच वर रचा. पावसाळ्यात वर पत्रा आणि बाजू मोकळ्या ठेवा. ताडपत्रीने चहूबाजूंनी गुंडाळलेली रास आतल्या आत बुरसते.

ओल मोजायला दोन टोकांचे मॉइश्चर मीटर मिळते. ते बाहेरच्या पृष्ठभागावर टोचून उपयोग नाही. ओंडका ताजा फोडा आणि आतल्या बाजूला मधोमध टोचा. 20 टक्क्यांच्या आत हवे. मीटर नसेल तर मधल्या भागातल्या 100 ग्रॅम बारीक ढलप्या वजन करून ओटीजीमध्ये 105 अंशांवर, समोर उभे राहून, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवा. 83 ग्रॅमपेक्षा कमी उरल्या तर लाकूड अजून ओले आहे. मीटर ओल कोरड्या लाकडाच्या वजनाच्या प्रमाणात दाखवते, म्हणून मीटरवरचे 20 टक्के म्हणजे हेच. वाळलेली दोन लाकडे एकमेकांवर आपटली की टणत्कार येतो, ओली थप् वाजतात. हा कान लवकर तयार होतो.

बाभूळ जड असते, सावकाश जळते आणि निखारा टिकवते. सुबाभूळ आणि आंबा पेटायला सोपे. शेवगा, पांगारा, सावर भुसभुशीत आणि पाणी धरून ठेवणारे, त्यांची फक्त राख होते. बांबू फोडल्याशिवाय टाकू नका, पेरांत कोंडलेली हवा तापून तो फुटतो आणि निखारे उडतात. प्लायवूड, एमडीएफ, पॉलिश किंवा रंग दिलेले फर्निचर, रेल्वेचे जुने स्लीपर यांचा धूर विषारी असतो. सुताराकडचे उरलेले तुकडे म्हणून हे सर्रास जाळले जाते, कृपया जाळू नका.

अवजारे: काय घ्यावे, काय नको

पितळी मुठींचा, स्टँडवर टांगलेला पाच नगांचा चकचकीत संच दिसायला छान, कामाला बेताचा. दांडे आखूड असतात, चिमट्याची पकड सैल असते आणि पितळी मूठ तापते. त्यापेक्षा फॅब्रिकेटरकडून चार वस्तू करून घ्या. 10 मिलिमीटरच्या सळईची, टोकाला आकडा असलेली उकरणी, लांबी 28 इंच, मूठ लाकडी. त्याच लांबीचा चिमटा, टोकांना दाते. तोंड पाच इंचांचे फावडे. आणि जाळी: 12 ते 16 मिलिमीटरचा चौरस बार, दोन बारांमध्ये इंचभर फट, पाय तीन-चार इंच, मागची बाजू पुढच्यापेक्षा अरुंद. रुंदी तोंडाच्या दोन तृतीयांश ठेवा. 8 मिलिमीटरच्या सळईची जाळी दोन हिवाळ्यांत वाकते.

वेल्डरचे कोपरापर्यंतचे चामड्याचे मोजे पुण्याच्या बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत सहज मिळतात. ठिणग्यांसाठी पुढे लोखंडी जाळीचा पडदा हवा, तोंडापेक्षा सगळ्या बाजूंनी दोन-तीन इंच मोठा. राखेसाठी झाकण असलेली पत्र्याची बादली घ्या. प्लास्टिकचे घमेले किंवा कचऱ्याची पिशवी चालणार नाही, कारण राखेत दडलेला निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहतो. बादली लाकडी डेकवर किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने राख ओढू नका.

राख पूर्ण काढायचीही गरज नाही. इंचभर थर राहू द्या, त्यावर निखारा टिकतो. मात्र जाळीच्या खालपर्यंत राख भरली तर खालून हवा मिळत नाही, जाळी तापून वाकते आणि धूर वाढतो. तांबट आळीतला बंब ज्यांच्या घरी पेटत होता त्यांना हे माहीत आहे: खालची जाळी राखेने बुजली की नळीतून धूर कमी आणि न्हाणीघरात जास्त.

झाडणे

काजळी खरवडून बघा. थर 3 मिलिमीटर झाला की झाडायलाच हवे. रोज पेटत असेल तर हंगामात दोनदा, शनिवार-रविवारपुरते असेल तर वर्षातून एकदा, शक्यतो होळीच्या सुमारास. काजळी तशीच ठेवून पावसाळा गेला तर ओलीमध्ये तिचे आम्ल होते, ते विटांचे सांधे आणि पत्रा दोन्ही खाते, आणि जुलैमध्ये घरभर कुबट, जळका वास सुटतो.

विटांच्या नळीला तारेचा ब्रश, स्टीलच्या पाइपला नायलॉनचा. ब्रश नळीच्या मापाचाच. दांडे एकमेकांत फिरवून बसवायचे असतात. ते नेहमी घड्याळाच्या दिशेने फिरवा, उलटे फिरवले की आटे सुटून ब्रश मध्येच अडकतो. खाली तोंडाला ओली चादर लावा, नाकाला एन-95 मास्क. दोरीला वीट आणि गोणपाट बांधून वरखाली करण्याची पद्धत टाळा, विटेने आतला गिलावा फुटतो आणि पाइप असेल तर पोचे पडतात. झडपेच्या मागे एक सपाट कट्टा असतो, तिथे पडलेली काजळी हाताने काढावी लागते. गवंडी नेमके तेवढेच विसरतो.

थर चकचकीत, काचेसारखा कडक झाला असेल तर ब्रशने निघत नाही. तिथे पेटवणे थांबवा आणि जाणकाराकडून तपासून घ्या. हाच थर पेट घेतो. धुराड्यातून घरघर, गर्जना ऐकू आली किंवा वर ज्वाळा दिसल्या तर सगळ्यांना बाहेर काढा आणि 101 ला फोन करा. नळीत पाणी ओतू नका, तापलेला दगड तडकतो आणि वाफेचा लोट अंगावर येतो.

विटा, सांधे आणि वायू

आत भेग नखात अडकण्याएवढी झाली की दुरुस्त करा. साधे सिमेंट चालत नाही, चार-पाचशे अंशांना ते भुसभुशीत होते. फायर ब्रिक आणि फायर क्लेचाच मसाला वापरा, सांधा 3 मिलिमीटरचा. ग्रॅनाइट, कडप्पा आत लावू नका, तडकतात. नदीतले गोटे शोभेला ठेवू नका, आत मुरलेल्या पाण्याने ते फुटतात. दुरुस्तीनंतर आणि पावसाळ्यानंतर पहिले तीन-चार दिवस अर्धा तास बारीक जाळच करा.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. खोलीत धूर दिसत नसला तरी विझत आलेल्या निखाऱ्यातून तो निघत असतो. ऊब टिकावी म्हणून निजताना झडप लावणे जिवावर बेतू शकते. राख पूर्ण गार होईपर्यंत झडप उघडीच ठेवा. बॅटरीवरचा डिटेक्टर एक त्या खोलीत आणि एक निजायच्या खोलीत लावा. डोके दुखणे, मळमळणे एकाच वेळी दोघांना सुरू झाले तर आधी दारे उघडून बाहेर या.

मे संपायच्या आत राख काढा, झाडून घ्या, टोपीचे स्क्रू आवळा, छताला धुराडे भिडते तिथला सांधा भरून घ्या. झडपेच्या बिजागरीला ग्रेफाइटची पूड लावा, तेल लावले तर त्याच्यावर काजळी चिकटते. झडप बंद करा, पण धुराडे वरून प्लास्टिकने बांधू नका, आत हवा खेळायला हवी. आणि झडपेच्या दांड्याला "बंद आहे" अशी चिठ्ठी टांगून ठेवा, म्हणजे नोव्हेंबरात पहिली काडी ओढणाऱ्याला ती आधी दिसेल.